‘नाभीबिंदू’ की ‘नाभीठिपका’? : एका संज्ञेची चिकित्सा

उच्चऊर्जा लघुस्पंद लेसरच्या ‘नाभीबिंदूला आकार देणे’ या शब्दप्रयोगात उघड वदतोव्याघात आहे. भूमितीतील बिंदूला लांबी-रुंदी नसते. मग त्याला आकार कोठून येणार? ‘फोकल स्पॉट’साठी ‘नाभीबिंदू’ योजिल्याने विषयाचे आकलनच चुकते, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

पंचवटीत रामकुंडाच्या घाटावर उन्हात बहिर्गोल भिंग धरून पाहावे. नाभीय अंतर 10 सेंटिमीटर असल्यास कागदावर उमटते ती सुमारे 0.9 मिलिमीटर व्यासाची सूर्यप्रतिमा होय, बिंदू नव्हे. लेसरची शलाका याहून पुष्कळ अधिक एकवटते; तथापि विवर्तनाची मर्यादा तिलाही आहे. तरंगलांबी 800 नॅनोमीटर आणि आरशाचे नाभीय अंतर शलाकेच्या रुंदीच्या तिप्पट असेल, तर ठिपका सुमारे अडीच मायक्रोमीटरचा राहतो.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. जी. रवींद्र कुमार यांच्या गटाने वापरलेल्या 150 टेरावॅट लेसरचा स्पंद सुमारे 25 फेम्टोसेकंदांचा, आणि त्यातील ऊर्जा चार ज्यूलच्याही आत. स्पंद ताणून, वर्धित करून पुन्हा आवळण्याच्या 1985 च्या युक्तीने (स्ट्रिकलंड व मुरू, नोबेल 2018) एवढी शक्ती साध्य झाली. परंतु लक्ष्यावरील तीव्रता ठरते ती ठिपक्यावरून. व्यास दुप्पट झाला की तीव्रता चतुर्थांश होते. तरंगपृष्ठ वेडेवाकडे असले की ऊर्जा मध्यभाग सोडून प्रभावळीत सांडते. म्हणून पाठीमागील दट्ट्यांनी पृष्ठभाग किंचित वाकविता येणारा आरसा योजून तरंगपृष्ठ सुधारतात. प्रयोगाच्या गरजेनुसार सपाट किंवा कंकणाकृती ठिपकाही घडवितात. ‘बिंदू’ या शब्दात यांपैकी कशालाही जागा नाही.

‘नाभी’ मात्र निर्दोष आहे. चाकाची नाभी म्हणजे तुंबा. सर्व आरे तेथे मिळतात, तरी तुंब्याला जाडी असतेच. दोष उत्तरपदाचा आहे. ‘नाभीठिपका’ हा तत्सम-देशी संकर काहींच्या कानाला खटकेल. पण ‘रेल्वेमार्ग’ पचविणाऱ्या भाषेला तो जड जाऊ नये. किरणांच्या भौमितिक आकृतीत ‘बिंदू’ खुशाल राहावा. प्रयोगशाळेत मात्र ‘ठिपका’च हवा, कारण तो शब्द ऐकताच विद्यार्थी विचारील : केवढा, आणि कोणत्या आकाराचा? या शाखेतील अर्धे संशोधन त्याच प्रश्नातून सुरू होते.