बायबलचे कथासूत्र आणि ग्रंथक्रम

‘उत्पत्ती’पासून ‘प्रकटीकरणा’पर्यंत बायबल ही एकच अखंड कथा मानून वाचण्याची पद्धती आकर्षक आहे खरी, परंतु ती अखंडता बव्हंशी ग्रंथांच्या मांडणीतून निष्पन्न झालेली आहे. प्रचलित हिब्रू क्रमात ‘इतिहास’ अखेरीस येतो व कोरेश राजाने दिलेल्या यरुशलेमेस परतण्याच्या अनुज्ञेपाशी कथा थांबते. ख्रिस्ती क्रमात जुना करार ‘मलाखी’तील एलीयाच्या आगमनाच्या भाकिताने संपतो आणि लगेच मत्तयाची वंशावळी सुरू होते. एकीकडे शेवट परतीचा, दुसरीकडे प्रतीक्षेचा.

खरी अडचण मात्र मध्येच उद्भवते. ‘राजे’ ग्रंथाच्या शेवटी यरुशलेमचा पाडाव होतो, आणि पान उलटताच ‘इतिहास’ पुन्हा आदामापासून आरंभ करतो! ‘शमुवेला’त विस्ताराने आलेले बथशेबेचे व उरीयाच्या वधाचे प्रकरण येथे नाही, येथील दावीद हा मुख्यतः मंदिराची सिद्धता करणारा राजा आहे. अखंड कथेचा आग्रही वाचक नऊ अध्यायांची नामावळी (ती रूक्ष आहे, हे मान्यच केले पाहिजे) ओलांडतो आणि दोन्ही दावीद एकत्र कालवतो. बंदिवासानंतर रचलेल्या या ग्रंथास निराळा दावीद का हवा होता, हा प्रश्नच मग त्याच्यापुढे उभा राहत नाही.