चार नगरांबाहेरचा वाचक

जयंत विष्णु नारळीकर यांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रास 2014 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि 20 मे 2025 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. गौरव पुष्कळ झाला. आता ग्रंथ म्हणून त्याकडे पाहावयास हरकत नाही.

बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. या मांडणीमुळे माणसे, घर व संस्था यांचे चित्रण ठसठशीत होते. बनारसच्या घरी मोरुमामा, म्हणजे मोरेश्वर हुजुरबाजार, भाच्यासाठी फळ्यावर अवघड गणित लिहून ठेवीत. तो फळा म्हणजे संशोधकाच्या घडणीचे सर्वांत बोलके चित्र होय. आयुकाची उभारणीही मराठी वाचकास प्रथमच आतून दिसते.

परंतु संशोधन नगरांच्या हद्दी पाळीत नाही. फ्रेड हॉईल यांच्या समवेत 1964 साली मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त, 1965 मध्ये पार्श्वप्रारणाचा शोध लागल्यावर स्थिरस्थिती विश्वाच्या कल्पनेस लागलेली ओहोटी, आणि तरीही 1993 साली हॉईल व बर्बिज यांच्यासह तिला दिलेले नवे रूप, हा एकच प्रवास आहे. नगरवार विभागणीत त्याचे तुकडे पडतात. बहुसंख्य सहकाऱ्यांनी न स्वीकारलेले मत एखादा मनुष्य तीस वर्षे आणि त्याहून अधिक काळ कसे वागवतो, ही या चरित्राची खरी कथा. ती वाचकाने आपली आपण जुळवावी लागते.

लातूर-नांदेडकडे या त्रुटीचे मोल अधिक आहे. प्रश्नपत्रिकांच्या अखंड सरावावर उभा असलेला ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्राला परिचित आहे. त्यातून हजारो शेतकरी घरांतली मुले डॉक्टर, इंजिनिअर झाली. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. मात्र त्या सवयीचा वाचक या ग्रंथात रँग्लर, टायसन पदक, सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण एवढेच शोधील, आणि नगरवार मांडणी त्याला अडवणार नाही.

खगोलशास्त्रात उत्तरपत्रिका कायमची तपासून होत नाही. कुरुंदवाड येथे जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी 1995 मध्ये ग्लीझ 229 बी हा तपकिरी बटू जाहीर केला. तारा म्हणावा तर वातावरणात मिथेन. ग्रह म्हणावा तर वस्तुमान फार. त्याच वर्षी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला परग्रहही मेयर व क्वेलोझ यांना सापडला. पुढे या बटूचे वस्तुमान गुरूच्या सुमारे सत्तरपट भरले; तेवढ्या वस्तुमानाला त्याचा उजेड फारच मंद होता. 2024 साली उलगडा झाला: तो एक नसून दोन आहेत, सुमारे बारा दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. एकोणतीस वर्षांनी दुरुस्त होणारे उत्तर कोणत्या गुणपत्रिकेत बसवावे?

आपल्या वाचकांपुरता एक मुद्दा. महास्फोटाची कल्पना प्रथम मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू, आणि तिला ते थट्टेखोर वाटणारे नाव देणारे हॉईल. त्यामुळे नारळीकरांचा ग्रंथ विरोधी पक्षाचा म्हणून वाचण्याचा मोह होईल. पण 1951 साली बारावे पायस यांनी नव्या विश्वशास्त्राचा संबंध निर्मितीशी जोडला, तेव्हा अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपला सिद्धान्त श्रद्धेचा पुरावा म्हणून वापरला जाऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. दोघेही एका शिस्तीची माणसे होती, हे आपल्यात अजून पुरेसे बोलले जात नाही.

नांदेडशेजारी, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे उभारावयाच्या लिगो-इंडिया प्रकल्पास 2023 मध्ये केंद्र सरकारने मंजुरी दिली; आयुका त्यात सहभागी आहे. त्या परिसरातल्या मुलांसाठी या ग्रंथाची संक्षिप्त आवृत्ती कोणी काढील, तर पदकांची पाने गाळली तरी चालतील. 1965 नंतरच्या वादाची पाने मात्र गाळू नयेत.