अक्षराला न शिवणारं बोट

अमेरिकेतल्या मराठी घरांत मूल सातवीत गेलं की वर्गातल्या ज्यू मुलांच्या बार मित्झ्वाची आणि मुलींच्या बात मित्झ्वाची, म्हणजे धार्मिकदृष्ट्या सज्ञान होण्याच्या सोहळ्यांची, आमंत्रणं यायला लागतात आणि घरात खल सुरू होतो: न्यायचं काय? पाकीट सोपं. आपण 101 घालतो, ते 18च्या पटीत, 36 किंवा 54 डॉलर. 18 हा त्यांच्याकडे आयुष्याचा आकडा. गळ्यातली सहा टोकांची चांदणीही चालते. पण मुलीच्या बात मित्झ्वाला द्यायची खरी रसिकाची वस्तू माझ्या मते एकच, तोराह, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचायची काडी. हिब्रूत तिला ‘याद’ म्हणतात.

पेन्सिलीपेक्षा थोडी लांब. एका टोकाला साखळी, दुसऱ्या टोकाला इवलासा हात. बाकीची बोटं मिटलेली, तर्जनी तेवढी सरळ. तोराहची गुंडाळी चर्मपत्रावर हातानं लिहिलेली असते. बोटाच्या घामानं शाई खराब होते, आणि एक अक्षर जरी बिघडलं तरी लेखनिकानं ते दुरुस्त करेपर्यंत गुंडाळी वाचनाला चालत नाही. म्हणून हे चांदीचं बोट.

पण हे नुसतं सोवळं नव्हे. गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, चालीच्या खुणाही नसतात. आपल्या पोथीतल्या काना-मात्रा-वेलांट्या काढून घ्याव्यात आणि वर ती चालीत म्हणायला सांगावी, तसं हे काम. बारा-तेरा वर्षांची मुलगी महिनोन्‌महिने त्याची तयारी करते. काडी तिला जागा दाखवते, उच्चार सांगत नाही. तो तिनंच आणायचा. मदत करून थांबणारी अशी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही.

मुलीच्या हातात या काडीला आणखी एक अर्थ येतो. 18 मार्च 1922 रोजी न्यूयॉर्कमध्ये रब्बी (ज्यू धर्मगुरू) मॉर्डेकाय कॅप्लन यांची बारा वर्षांची मुलगी ज्युडिथ भर सभेत वाचायला उभी राहिली. अमेरिकेतली पहिली बात मित्झ्वा म्हणून तिचंच नाव घेतलं जातं. पण तिनं वाचलं ते छापील पुस्तकातून, गुंडाळीपासून अंतर राखून. काडीची गरजच नव्हती. आज एखाद्या मुलीला ती भेट देणं म्हणजे ते अंतर सरलं, हे मानणं.

सगळीकडे ते सरलेलं नाही, हेही खरं. बहुतेक सनातनी ज्यू घरांत मुली गुंडाळीतून जाहीर वाचन करत नाहीत. तिथे शुक्रवारी संध्याकाळी लावायच्या दिव्यांसाठी मेणबत्तीदानांची जोडी शोभते. तेव्हा आधी हळूच विचारून घ्यावं.

निवडताना नक्षीला भुलू नका. बोटाचं टोक बारीक हवं, म्हणजे अक्षर झाकलं जात नाही; पण टोकदार नको. जड चांदीपेक्षा ऑलिव्हच्या लाकडाची हलकी काडी मुलीच्या हाताला बरी. नाव कोरणार असाल तर त्या आठवड्याच्या पाठाचंही नाव कोरा. वाचनाचा पाठ तारखेप्रमाणे ठरलेला असतो, कुणाच्या वाट्याला नोहाचं तारू येतं, कुणाच्या वाट्याला इजिप्तमधून सुटका.

आणि ही काडी समारंभात नेऊ नका. वाचन बहुधा शनिवारी असतं, आणि शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, काटेकोर पाळणारे त्या दिवशी भेटी देत-घेत नाहीत. महिनाभर आधी घरी पोचवा, म्हणजे सरावही त्याच काडीनं होईल.