हातयंत्रातील मोटारीचे शीतलन : एक चिकित्सा

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर निलंगा व औसा तालुक्यांतील पुनर्वसित गावांत दगड-मातीच्या जाड भिंतींची जागा सिमेंट व लोखंडी सळईने घेतली. अशा बांधकामात ड्रिल व ग्राइंडर अपरिहार्य ठरतात. मात्र त्यांच्या रचनेची चर्चा आपल्याकडे बहुधा वॅटच्या आकड्यापाशीच थांबते.

सर्वसाधारण ग्राइंडरमध्ये शीतलपंखा मोटारीच्याच शाफ्टवर बसविलेला असतो. हीच या रचनेतील मूलभूत विसंगती होय. चकती काँक्रीटमध्ये रुतली की वेग घटतो व पंख्याचा वारा मंदावतो. नेमक्या त्याच क्षणी विद्युतप्रवाह वाढतो आणि तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मे महिन्यात तर आत ओढली जाणारी हवाच ४० अंशांहून अधिक तापलेली असते.

धुळीचा प्रश्न याहून बिकट आहे. दगडाची भुकटी वेटोळ्यांवरील वॉर्निश खरवडते. लोखंडाचा कीस वीजवाहक असल्याने शॉर्ट सर्किटला वाट मिळते. तरीही मोटार जळाली की ‘यंत्रावर जोर दिला’ असा ठपका कारागिरावरच येतो. काँक्रीट कापताना जोर न देणे ही अपेक्षा कागदावरचीच म्हणावी लागेल!

ब्रशविरहित मोटारीत वेटोळी स्थिर भागात असल्याने उष्णता थेट कवचाकडे नेता येते. तथापि तिचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकही तापतो आणि किंमतही वाढते. त्याआधी साध्या मोटारीतही हवेला वळण देऊन धूळ बाजूला काढणे, तसेच वेटोळी तापताच प्रवाह तोडणारा स्विच बसविणे शक्य आहे. धुळीच्या, ४५ अंशांच्या हवेत पूर्ण भारावर यंत्र किती मिनिटे चालते, हा आकडा वॅटशेजारी छापला जावा.