बालाघाटावरचा वारा आणि आमचे गद्य

मराठी वाङ्मयात डोंगरांस तोटा नाही. परंतु त्या डोंगरांवरचा वारा वाचकाच्या अंगास क्वचितच लागतो, अशी तक्रार येथे करावयाची आहे. तक्रारीस निमित्त झाले ते गेल्या वेळ अमावास्येस येरमाळ्याच्या माथ्यावर काढलेल्या एका दिवसाचे.

येरमाळा हे धाराशिव जिल्ह्यातील गाव बालाघाटाच्या डोंगरांत वसले आहे. हरिश्चंद्रगडाच्या बाजूस सह्याद्रीपासून फुटून आग्नेयेकडे आलेली ही रांग गोदावरी व भीमा यांची खोरी विभागते. येथील डोंगरावर येडेश्वरीचे देऊळ असून चैत्री पौर्णिमेस लाखो माणसे यात्रेस लोटतात. मार्गशीर्षाच्या अखेरीस मात्र तेथे शुकशुकाट होता. दर्शन घेऊन आम्ही दोघे माथ्यामाथ्याने चालू लागलो.

ऊन स्वच्छ होते, पण त्यात ऊब नव्हती. माथ्यावर आडोसा देईल असे झाड नाही. वाळलेले कुसळी गवत तेवढे एका अंगास निजलेले. प्रथम कान दुखू लागले, मग बधिर झाले. डोळ्यांस पाणी आले, आणि सोबत्याचे शब्द त्याच्या ओठांवरूनच वारा घेऊन जाऊ लागला. एका खडकाच्या पलीकडे घोंगडे पांघरून बसलेला मेंढपाळ म्हणाला, “मालक, असं वाऱ्याच्या तोंडाला उभारू नका; हिकडं आडोशाला बसा.” चार पावले सरकून बसलो, तो तेच ऊन उबदार झाले! शरीराभोवती उबेचा एक पातळ थर असतो. वारा तो क्षणोक्षणी ओढून नेतो. थंडी जितकी हवेत असते तितकीच वाऱ्यातही असते, हे पुस्तकात वाचले होते. कळले ते त्या खडकामागे.

आता आमच्या पुस्तकांकडे वळू. गो. नी. दांडेकरांसारख्या अस्सल भटक्याने महाराष्ट्रास डोंगर चढावयास शिकविले, हे ऋण मोठे आहे. परंतु त्यांचा डोंगर बहुधा दुर्ग असतो. तेथील दगड इतिहासामुळे बोलतो. काका कालेलकरांचा हिमालय ही यात्रा आहे; तेथील शीत श्रद्धेच्या तेजात वितळते. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (1956) बारा महिन्यांचे अनुपम चित्रण खरे, तथापि त्यातील सत्ता डोळ्यांची आहे. रंग, फूल, पालवी यांची. मर्ढेकरांनी आपल्या पहिल्या संग्रहास ‘शिशिरागम’ (1939) हे नाव दिले, तेथे ऋतू मनाचा झाला. उरली ती मासिकांतील ‘गुलाबी थंडी’. ती तर शालीत बसून, चहाचा पेला हाती धरून लिहिलेली असते.

या थोर लेखकांनी जे केले नाही त्याबद्दल त्यांस बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. प्रश्न असा की, ज्या डोंगरास गड नाही आणि ज्या दिवसास यात्रा नाही, त्यांच्याविषयी मराठी गद्यास काही म्हणावयाचे आहे की नाही? बालाघाटाची उपेक्षा अकारण नव्हे. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि तेथे उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. ग्रंथव्यवहार पुण्यामुंबईस वाढला. तेथून जवळचा डोंगर सह्याद्री, तोच वाङ्मयात शिरला. हे कारण समजण्याजोगे आहे. पण आज ते सबब म्हणून पुढे करता येणार नाही.

कोणी म्हणेल, वाऱ्याविषयी लिहावयाचे ते काय? भाषेचा साठा पाहावा. हिव भरणे, काकडणे, कुडकुडणे, शिरशिरी, हुडहुडी, बोचरा वारा, झोंबणारा वारा! यांतील प्रत्येक शब्द शरीराची वेगळी अवस्था सांगतो. कुडकुडणारा आणि काकडलेला ही दोन माणसे आहेत. पहिल्याचे दात वाजत असतात, दुसऱ्याची बोटे आखडलेली असतात. बोलण्यातली ही सूक्ष्मता लेखणी हाती घेताच ‘कडाक्याची थंडी’ या एका ठशात गडप होते. दोष भाषेचा नसून अनुभवापूर्वी अलंकार शोधणाऱ्या आमच्या सवयीचा आहे.

दुपारी खाली उतरलो. शेताशेतांत कडब्याच्या कोपी उभ्या होत्या, आणि घरेच्या घरे तेथे आंबील-भज्जी घेऊन जेवावयास बसली होती. ओळख ना देख, तरी एका कोपीतून हाक आली. पानावर बसताच म्हाताऱ्या आजींनी आमच्या हातांकडे पाहिले आणि विचारले, “वर वारं लई हुतं का?” आम्ही काय सांगितले ते लिहिण्यासारखे नाही. ‘फार’ एवढाच शब्द आम्हांस सुचला.

आता या जिल्ह्यातील माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आहेत. वाऱ्याचा वेग मोजून, हिशेब मांडून त्या बसविल्या गेल्या. हिशेबनिसांनी या वाऱ्याची दखल घेतली. लेखकांनी घ्यावयाची राहिली आहे. त्यासाठी माथ्यावर जाऊन काही वेळ वाऱ्याच्या तोंडाला उभे राहावे लागेल. आडोशाची किंमतही त्याखेरीज कळत नाही.