चालू लिनक्स सर्व्हरवरील डिस्क मिररिंग : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
संगणकीय माहितीच्या सुरक्षिततेचा विचार करताना 'डिस्क मिररिंग' या संकल्पनेला महत्त्वाचे स्थान द्यावे लागते. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी १९८८ साली मांडलेल्या 'रेड' रचनेच्या पाच स्तरांपैकी हा पहिला स्तर होय. यात प्रत्येक नोंद दोन डिस्कवर होते व एक निकामी झाली तरी दुसरीवर काम सुरू राहते. आधीपासून कार्यरत असलेल्या लिनक्स सर्व्हरवर ही व्यवस्था उभारण्याच्या प्रचलित पद्धतीची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

विवेचन :
चालू सर्व्हरची डिस्क आधीच वापरात असते. जोडीची नोंद ठेवण्यासाठी तिच्यावर राखीव जागा नसते. म्हणून 'एमडीएडीएम' या साधनाला दुसरा सदस्य 'मिसिंग', म्हणजे अनुपस्थित, असल्याचे सांगून केवळ नव्या डिस्कची अपुरी जोडी तयार करतात. तिच्यावर सर्व माहिती उतरवतात, बूटची मांडणी बदलतात, सर्व्हर त्या जोडीवरून सुरू करतात आणि शेवटी जुनी डिस्क तीत सामील करतात. ही युक्ती निःसंशय कल्पक आहे. अखेरच्या पायरीपर्यंत परतीचा मार्ग मोकळा राहतो, हे तिचे बलस्थान होय.

परंतु जुनी डिस्क सामील होताच तिच्यावरील मूळ माहितीवर नव्या डिस्कची प्रत चढू लागते. हे काम पूर्ण होईपर्यंत नव्या डिस्कवरील प्रत हाच एकमेव आधार उरतो. सुरक्षिततेसाठी हाती घेतलेल्या कार्यातील सर्वाधिक असुरक्षित काळ तो हाच. त्यामुळे स्वतंत्र बॅकअप घेणे, सर्व्हर नव्या जोडीवरून सुरू होतो याची आधी खात्री करणे आणि बूटलोडर दोन्ही डिस्कवर बसविणे या बाबी ऐच्छिक मानता येत नाहीत.

'मिरर' ही संज्ञाही तपासून पाहावयास हवी. आरशाला बऱ्यावाईटाचा विवेक नसतो. निकालाची फाईल चुकून पुसली गेल्यास ती दोन्ही डिस्कवरून जाते. दोन प्रतींत तफावत आढळली, तर त्यांतील खरी कोणती हेही ही व्यवस्था स्वतः ठरवू शकत नाही.

निष्कर्ष :
डिस्क बिघडली तरी कामात खंड पडू न देणे, एवढेच मिररिंगचे प्रयोजन आहे. माहितीच्या जतनासाठी वेगळ्या ठिकाणी ठेवलेला व वेळोवेळी पडताळलेला बॅकअप अनिवार्यच आहे. दुसरी डिस्क खरेदी करून ही जबाबदारी संपली असे मानणाऱ्या महाविद्यालयाजवळ एकाच चुकीच्या दोन प्रती तेवढ्या शिल्लक राहण्याची शक्यता असते.