ग्रीष्मगीते, जपानी

उन्हाळ्याचा अनुभव आणि त्याची स्मृती हा विषय असलेली लोकप्रिय जपानी गीते. शालेय गीते, नभोवाणीवरील गीते व ध्वनिमुद्रिकांद्वारे प्रसृत झालेली आधुनिक गीते असे त्यांचे तीन प्रमुख प्रवाह आहेत. ‘ग्रीष्म’ ही संज्ञा येथे काहीशा वेगळ्या अर्थाने घ्यावी लागते. भारतात ग्रीष्मानंतर वर्षा ऋतू येतो. जपानच्या बहुतेक भागांत मात्र जून ते जुलैच्या मध्यापर्यंत ‘त्सुयु’ हा पावसाळी काळ असतो आणि खरा, दमट उन्हाळा त्यानंतर सुरू होतो. तेथील उन्हाळ्यात म्हणून पावसाची प्रतीक्षा नसते. पाऊस सरल्यानंतरची मोकळीक असते.

अभिजात जपानी काव्यात ह्या ऋतूला गौण स्थान होते. कोकिन्शू (सु. ९०५) ह्या राजाज्ञेने सिद्ध झालेल्या संग्रहात वसंतावर १३४ व शरदावर १४५ कविता आहेत; ग्रीष्मावर केवळ ३४, आणि त्यांतील बहुतेक होतोतोगिसु ह्या कोकिळकुलातील पक्ष्यावर आहेत. आधुनिक गीतांत हा क्रम पालटला. शाळांची दीर्घ उन्हाळी सुटी, १८८५ मध्ये ओइसो येथे सुरू झालेल्या स्नानकिनाऱ्यापासून रूढ होत गेलेले समुद्रस्नान आणि पुढे ध्वनिमुद्रिकांची बाजारपेठ ही त्याची बाह्य कारणे होत. एक कारण अधिक खोलवरचे आहे. पितरांच्या आगमनाचा ओबोन हा विधी बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्यास येतो आणि १९४५ मधील युद्धसमाप्तीचा स्मरणदिनही १५ ऑगस्ट हाच आहे. सुटीचा आनंद आणि मृतांचे स्मरण ही दोन्ही एकाच पंधरवड्यात येतात. ह्या गीतांतील हुरहुरीचे मूळ ह्या योगात शोधता येते.

प्रारंभीच्या शालेय गीतांत ही हुरहुर नाही. सासाकी नोबुत्सुना (१८७२–१९६३) यांचे ‘नात्सु वा किनु’ (उन्हाळा आला) हे कोयामा साकुनोसुके यांनी संगीतबद्ध केलेले गीत भातलावणी, काजवे, होतोतोगिसु अशा परंपरागत प्रतिमांचा सुबक संग्रह आहे. ‘वारे वा उमी नो को’ (आम्ही सागरपुत्र, १९१० ) ह्या गीतात समुद्रकाठच्या मुलाचा अभिमान व्यक्त होतो. परंतु त्याचे अखेरचे कडवे युद्धनौकेवर चढण्याचे आवाहन करते. युद्धोत्तर पाठ्यपुस्तकांतून ते वगळण्यात आले. ह्या गीताची चाल मध्यम व निषाद वर्ज्य असलेल्या पंचस्वरी सप्तकात बांधलेली आहे. भूप रागाचे स्वरही हेच असल्याने भारतीय श्रोत्याला ती परकी वाटत नाही.

स्मृतिप्रधान ग्रीष्मगीताचा आदर्श ‘नात्सु नो ओमोइदे’ (उन्हाळ्याच्या आठवणी) ह्या गीताने घालून दिला. ते १९४९ मध्ये जपानी नभोवाणीवरून प्रसृत झाले. कवयित्री एमा शोको यांनी १९४४ मध्ये ओझे ह्या पाणथळ प्रदेशात मिझुबाशो ही पांढरी फुले पाहिली होती. त्या दर्शनावर हे गीत आधारलेले असून त्याचे संगीत नाकादा योशिनाओ यांचे आहे. मिझुबाशो मेअखेरीस व जूनमध्ये फुलते, त्यामुळे भर उन्हाळ्यात ओझेला जाणाऱ्या प्रवाशाला ती आढळत नाही. यावरून गीतात चूक असल्याचे म्हटले जाते. ते योग्य नाही. ‘किगो’ म्हणजे ऋतुसूचक शब्दांच्या संकेतानुसार हे फूल ग्रीष्माचेच आहे. शिवाय स्मृतीतील उन्हाळा पंचांगाशी बांधलेला नसतो. युद्धाचा उल्लेखही न करता युद्धाने थकलेल्या श्रोत्यांना हे गीत एका निर्मळ स्थळाकडे नेते, हे त्याचे सामर्थ्य होय.

१९६० नंतर टोकिओच्या दक्षिणेकडील शोनान किनारा ह्या गीतांचे केंद्र बनला. चिगासाकी येथे वाढलेले नट-गायक कायामा युझो आणि त्याच गावचे कुवाता केइसुके (१९५६– ) यांनी त्याला प्रतिष्ठा दिली. कुवाता यांच्या ‘सदर्न ऑल स्टार्स’ ह्या वृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका १९७८ च्या जूनमध्ये निघाली. जपानी शब्दांचे इंग्रजी धाटणीचे वेगवान उच्चारण हा तिचा विशेष होता. ओताकी एइइची यांच्या ‘ए लाँग व्हेकेशन’ (१९८१) ह्या संग्रहात उन्हाळा हा काळ न राहता परदेशी पोहण्याच्या तलावाचे एक नीटस चित्र होतो. ‘ट्यूब’ ह्या वृंदाने १९८६ पासून ग्रीष्मगीत हा जणू वार्षिक उपक्रमच केला. ह्या टप्प्यावर समुद्र, आतषबाजी, युकाता ही वस्त्रे, रातकिडे हे ऋतुशब्द सहज हाती येणारे साहित्य बनले आणि सामान्य रचना त्यांची केवळ यादी होऊ लागली.

तथापि संकेत हा दोषच असतो, असे नाही. इनोउए योसुइ यांच्या ‘शोनेन जिदाई’ (बालपण, १९९०) ह्या गीतातील ‘काझेआझामी’ ही वनस्पती अस्तित्वातच नाही. कवीने तो शब्द घडविला आहे. तरीही तो ऐकताच सरत्या उन्हाळ्याचा प्रत्यय येतो, कारण शतकानुशतकांच्या ऋतुशब्दांनी श्रोत्याचे मन आधीच घडविलेले असते. युद्धकाळात खेड्यात स्थलांतरित झालेल्या मुलाच्या चित्रपटासाठी हे गीत रचले गेले होते. मोरियामा नाओतारो यांच्या ‘नात्सु नो ओवारी’ (उन्हाळ्याचा शेवट, २००३) ह्या गीताच्या प्रारंभी मिझुबाशो पुन्हा येते. युद्धात गेलेल्यांची प्रतीक्षा म्हणूनही ते ऐकले जाते.

जपानी ग्रीष्मगीताचे यश उष्णतेच्या वर्णनात नाही. उन्हाळा संपणार आहे, किंवा संपून गेला आहे, ही जाणीव त्याचा गाभा होय. ज्या गीतांत ही जाणीव एखाद्या विशिष्ट स्थळाला, फुलाला वा शब्दाला चिकटून येते, ती बाजारपेठेच्या ऋतूपलीकडे टिकली आहेत.